दोरा तुटला की आधी तुटलेले टोक पाहावे

शिलाई मशीनवर शिवताना दोरा तुटला की बहुतेकांचा हात सर्वप्रथम ताणाच्या चाकाकडे, म्हणजे वरचा दोरा किती घट्ट धरला जाईल हे ठरवणाऱ्या आणि ज्याला आपण सर्रास टेन्शन म्हणतो त्या चाकाकडे जातो. चाक थोडे सैल केले जाते, चार टाके नीट पडतात, दोरा पुन्हा तुटतो, चाक आणखी सैल होते आणि अर्ध्या तासाने अवस्था अशी असते की दोरा तर तुटतोच आहे, शिवाय कापडाच्या खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याच्या फासांची रांग लागली आहे. माझे मत असे आहे की ताणाला हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी. त्याआधी मशीन थांबवून दोऱ्याची दोन्ही तुटकी टोके हातात घ्यावीत आणि चांगल्या उजेडात, भिंग असेल तर भिंगाखाली, नीट पाहावीत.

टोक पिंजलेले असेल, म्हणजे दोऱ्याचे पदर एकमेकांपासून सुटून त्यांतले तंतू मागे सरकले असतील, तर दोरा कुठेतरी घासला जात होता आणि हळूहळू झिजून तुटला. असा दोरा तुटण्यापूर्वी सूचनाही देतो. सुईच्या नेढ्याच्या किंचित वर लव गोळा होऊन बारीक गाठ तयार होते, कारण एक पदर आधी तुटलेला असतो आणि नेढ्यातून पुढे जाऊ न शकल्यामुळे तो वरच सरकत राहतो. ही गाठ दिसताच थांबले, तर पुढची तुटातूट टळते. टोक अगदी स्वच्छ कापले गेले असेल तर झिजेचा संशय सोडून द्यावा आणि धातूची धारदार कड शोधावी. ती निडल प्लेटच्या, म्हणजे सुई जिच्या भोकातून खाली जाते त्या धातूच्या पट्टीच्या भोकाला असेल, खाली फिरून दोरा पकडणाऱ्या हुकाच्या टोकाला असेल किंवा सुईवरच असेल. टोक ताणून बारीक झालेले असेल आणि दोरा वेटोळे घेत असेल, तर तो कुठेतरी अडकला होता आणि मशीनने त्याला शक्तीपलीकडे ओढले. पॉलिएस्टरच्या दोऱ्याच्या टोकाला हाताला टोचणारा कडक मणी लागला, तर तो दोरा वितळला आहे.

दोरा कोणत्या जागी तुटला, हेही टोकाइतकेच बोलके असते. रिळाजवळ तुटला तर सुई बदलून काही उपयोग नाही, आणि सुईजवळ तुटला तर रीळ फिरवत बसण्यात अर्थ नाही. ही तपासणी न करता सुई, दोरा, ताण, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी) सगळे एकदम बदलले, तर दोष कदाचित दूर होईलही, पण तो कशात होता हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळेच बदलावे लागेल.

दोरा इतका का झिजतो, हे समजण्यासाठी टाका कसा पडतो ते थोडे पाहावे लागेल. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते आणि दोरा त्यातून एकाच दिशेने पुढे जातो. मशीनच्या सुईचे नेढे टोकाजवळ असते, आणि नेढे टोकाशी असलेल्या सुईने दुहेरी दोऱ्याचा, एकमेकांत अडकणारा टाका घालणाऱ्या मशीनचे अमेरिकन पेटंट एलियास हाऊ यांना १८४६ मध्ये मिळाले. सुई कापडातून खाली जाते, वर येऊ लागताच तिच्या मागे दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो, तो फास हुक पकडते आणि संपूर्ण बॉबिनभोवती फिरवून आणते. त्यासाठी दरवेळी आठ-दहा सेंटिमीटर दोरा नेढ्यातून खाली ओढला जातो, आणि टाक्यात प्रत्यक्ष खर्च होतो तो फक्त तीन-चार मिलिमीटर. उरलेला सगळा दोरा वरची दांडी, म्हणजे टेक-अप लिव्हर, पुन्हा नेढ्यातूनच वर खेचून घेते. हिशेब केला तर दोऱ्याचा प्रत्येक बिंदू कापडात कायमचा बसण्यापूर्वी अंदाजे पंचवीस टाक्यांपर्यंत नेढ्यातून खाली-वर होत राहतो. टाका जितका बारीक, तितक्या या फेऱ्या जास्त. दाट भरतकामात किंवा अगदी लहान टाक्यांच्या क्विल्टिंगमध्ये, म्हणजे गोधडीसारखे कापडाचे थर एकत्र शिवताना, तोच दोरा अधिक वेळा तुटतो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. तोच दोरा साध्या शिवणीत निमूटपणे चालतो, म्हणून भरतकामात तुटल्यावर त्याला निकृष्ट ठरवणे अन्यायाचे होईल.

दोरा इतक्या वेळा एकाच भोकातून जाणार असेल, तर त्या भोकाचा आकार, गुळगुळीतपणा आणि दिशा यांवर बहुतेक गोष्टी अवलंबून असणार हे उघड आहे. म्हणून माझ्या मते दोरा तुटण्याच्या तक्रारीत सुईचा विचार आधी व्हावा. सुईच्या पाकिटावर ८०/१२, ९०/१४ असे जोडआकडे असतात. त्यांतला पहिला आकडा सुईच्या दांडीची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे ८० क्रमांकाची सुई ०.८ मिलिमीटर जाड असते आणि ९० क्रमांकाची ०.९ मिलिमीटर. दुसरा आकडा तीच जाडी जुन्या पद्धतीने सांगतो. दांडी जाड झाली की नेढेही मोठे होते आणि दांडीच्या एका बाजूने वरपासून नेढ्यापर्यंत आलेली लांब खोबणही खोल होते. ही खोबण शोभेसाठी नसते. सुई कापडातून खाली जाताना दोरा त्या खोबणीत लपतो आणि कापडाच्या घर्षणापासून वाचतो. दोरा खोबणीपेक्षा जाड असेल तर तो बाहेर उघडा राहतो, प्रत्येक टाक्याला कापडाच्या विणीवर खरडला जातो आणि थोड्याच वेळात पिंजतो.

सुई आणि दोरा यांचे जमते की नाही हे मशीनला न लावताही पाहता येते. सुई सुटी घ्यावी, तिच्यात वापरायच्या दोऱ्याचा हातभर तुकडा ओवावा, दोऱ्याची दोन्ही टोके दोन हातांत ताणून धरावीत आणि एक हात हळूहळू वर न्यावा. दोरा तिरका होताच सुई आपल्या वजनाने सहज घसरत खाली आली तर जोडी योग्य आहे. ती अडखळत, थांबत येत असेल किंवा हलवल्याशिवाय सरकतच नसेल, तर एक क्रमांक मोठी सुई घ्यावी. उलट दिशेने अति करण्याचेही तोटे आहेत. पातळ दोऱ्याला फार मोठी सुई लावली तर कापडाला पडलेली भोके दोऱ्याने भरत नाहीत आणि टाके सुटू लागतात. साध्या सुती कापडावर मध्यम दोऱ्यासाठी ८०/१२ पुरते. तीन थरांच्या क्विल्टिंगसाठी मी सरसकट ९०/१४ वरून सुरुवात करते. जाड किंवा नाजूक दोऱ्यांसाठी टॉपस्टिच नावाची सुई मिळते. तिचे नेढे त्याच क्रमांकाच्या साध्या सुईपेक्षा लांबट आणि खोबण खोल असते. दोरा पिंजत असेल आणि दुसरे काहीच बदलायचे नसेल, तर फक्त ही सुई लावून पाहण्यासारखी आहे.

सुई कोणत्या बाजूने बसवायची याबाबत मशीनगणिक फरक असतो, त्यामुळे चपटी बाजू मागे की डावीकडे हा वाद निरर्थक आहे. नियम एकच आहे: लांब खोबणीच्या बाजूने दोरा नेढ्यात शिरतो आणि नेढ्याच्या वर जिथे दांडीला खोलगट कोरलेले असते ती बाजू हुकाकडे असते. सुई वर टेकेपर्यंत आत सरकवूनच स्क्रू आवळावा, कारण ती अर्धा मिलिमीटर जरी खाली राहिली तरी हुक फास चुकीच्या जागी पकडते आणि कधी दोऱ्याच्या मध्येच घुसून पदर चिरते. वाकलेली सुई ओळखण्यासाठी तिची चपटी बाजू काचेवर ठेवून बाजूने पाहावे. काच आणि सुई यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोक बोथट झाले आहे की त्याला कंगोरा, म्हणजे बारीक खरखरीत कड, आला आहे, हे नख फिरवून किंवा जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून सुई ओढून कळते. सुई बिघडल्याशिवाय बदलायची नाही, हा काटकसरीचा हिशेब मला पटत नाही. सुमारे आठ तासांच्या शिवणकामानंतर सुई बदलावी हा सर्वसाधारण दंडक आहे, आणि कृत्रिम तंतूंच्या भरावातून किंवा दाट विणीच्या कापडातून सतत जाणाऱ्या सुईला तर तेवढाही अवधी देऊ नये.

आता दोऱ्याविषयी. दोऱ्याच्या रिळांवर जाडीचे आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी छापलेले असतात आणि त्यातून गोंधळ होतो. वेट या पद्धतीत ४० म्हणजे ४० किलोमीटर दोऱ्याचे वजन १ किलो, म्हणून आकडा वाढला की दोरा बारीक होतो. टेक्स या पद्धतीत १००० मीटर दोऱ्याचे वजन किती ग्रॅम ते सांगितलेले असते, म्हणून तिथे आकडा वाढला की दोरा जाड होतो. एका पद्धतीचा आकडा दुसरीत वाचला, तर सुई हमखास चुकीची निवडली जाते. पदरांची संख्याही पाहावी. त्याच जाडीचा तीन पदरी दोरा दोन पदरी दोऱ्यापेक्षा गोल आणि सम असतो आणि घर्षण अधिक चांगले सोसतो.

सुती दोऱ्याच्या बाबतीत तंतूंची लांबी महत्त्वाची असते. आखूड तंतूंच्या दोऱ्याला उजेडासमोर धरले की त्याच्या कडेने सर्वत्र लव उभी दिसते, आणि ही लवच पुढे ताणाच्या चकत्यांमध्ये (ज्यांच्यामध्ये दोरा दाबून धरला जातो) व बॉबिनखाली साचते. असा दोरा तुटतो तेव्हा तो बहुधा एखाद्या जाड गुठळीपाशी नाही तर तिच्या शेजारच्या अतिबारीक जागेपाशी तुटतो. जुना दोरा वापरण्यापूर्वी हातभर लांब तोडून दोन्ही हातांनी एकदा झटक्याने ओढून पाहावा. चांगला सुती दोरा हाताला जाणवण्याइतका प्रतिकार करतो. वर्षानुवर्षे उन्हात किंवा उघड्यावर राहिलेला दोरा फारसा आवाजही न करता तुटतो, आणि त्याला कोणताही ताण जुळवून वाचवता येत नाही. त्याचा उपयोग कच्च्या धावदोऱ्यापुरता, हाताने, करावा. सुती दोरा फार कोरड्या हवेतही ठिसूळ होतो. सुती तंतू ओलाव्याने अधिक मजबूत होतात, म्हणून कोरड्या दिवसांत असे रीळ काही तास दमट जागी ठेवण्याची युक्ती खरोखर काम करते. रेयॉनचे मात्र उलट आहे. ओला रेयॉन कमजोर होतो, त्यामुळे ती युक्ती तिथे लावू नये. हाताने क्विल्टिंग करण्यासाठी मिळणारा, मेणाचा किंवा खळीचा लेप दिलेला चकचकीत दोरा मशीनमध्ये वरच्या बाजूला घालणे टाळावे, कारण तो लेप चकत्यांमध्ये खरवडला जातो, तिथेच चिकटून राहतो आणि नंतर लावलेल्या चांगल्या दोऱ्यालाही त्रास देतो.

रीळ मशीनवर कसे बसते याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. दोरा रिळावर दोन प्रकारे गुंडाळलेला असतो. एकात वेढे एकाशेजारी एक, सरळ रांगेत असतात आणि दुसऱ्यात ते एकमेकांना छेद देत तिरके जातात. सरळ वेढ्यांच्या रिळावरून दोरा बाजूने सुटावा आणि रीळ उभ्या खुंटीवर स्वतः फिरावे. तिरक्या वेढ्यांच्या रिळावरून दोरा माथ्यावरून सुटावा आणि रीळ स्थिर राहावे. सरळ वेढ्यांचा दोरा माथ्यावरून ओढला की प्रत्येक वेढ्याबरोबर दोऱ्यात एक पीळ वाढतो किंवा कमी होतो. पीळ वाढला तर दोरा स्वतःभोवती वळून गुंततो आणि कमी झाला तर पदर सुटून पिंजतो. काही रिळांच्या कडेला दोऱ्याचे टोक अडकवण्यासाठी खाच असते. ती दोरा सुटण्याच्या बाजूला आली तर दर काही वेढ्यांनी दोरा तिच्यात अडकून तटकन तुटतो, आणि तुटलेले टोक ताणलेले, वेटोळे घेणारे असते. रीळ उलटे बसवले की हा त्रास तत्काळ संपतो. मोठा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचे मोठे रीळ, वापरायचा असेल तर तो मशीनच्या खुंटीवर कसाबसा न बसवता वेगळ्या स्टँडवर ठेवावा आणि स्टँडचा दोरा ओवायचा आकडा बरोबर कोनाच्या मध्यावर, वर येईल असे पाहावे.

दोरा ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर असला पाहिजे. फूट वर असताना ताणाच्या चकत्या उघड्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. फूट खाली असताना त्या बंद असतात, दोरा त्यांच्या कडेवरून जातो आणि मग खाली गुंतवळ होते. ओवून झाल्यावर, सुईत दोरा घालण्यापूर्वी, एक साधी खातरजमा करावी. फूट वर ठेवून दोरा ओढला तर तो मोकळा यावा आणि फूट खाली करून ओढला तर स्पष्ट प्रतिकार जाणवावा. दोन्ही वेळा सारखेच वाटले, तर दोरा चकत्यांमध्ये नाही किंवा चकत्यांमध्ये कचरा अडकला आहे. कचरा काढण्यासाठी टोकदार धातूची वस्तू आत घालू नये. फूट वर करून सुती कापडाची बारीक पट्टी चकत्यांमधून पुढेमागे ओढली की दोऱ्याचे अडकलेले तुकडे निघतात. चकत्यांशेजारी एक बारीक स्प्रिंग असते. सुई कापडात शिरेपर्यंत दोऱ्याचा ढिलेपणा ती सावरून धरते. दोरा तिच्यात अडकवायचा राहिला किंवा ती वाकली असेल, तर सैल दोरा सुईच्या टोकाखाली येतो आणि सुई स्वतःच्याच दोऱ्याला भोसकते. वरवर अकारण वाटणाऱ्या तुटीचे हे एक कारण असते आणि ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

बॉबिनविषयी फार लिहिण्याजोगे नाही. ती काठोकाठ भरू नये, भरताना वेग मध्यम ठेवावा, कारण वेगाने भरलेला पॉलिएस्टरचा दोरा ताणलेल्या अवस्थेत गुंडाळला जातो आणि नंतर आखडतो. दुसऱ्या मशीनची दिसायला तशीच असलेली बॉबिन वापरू नये, आणि प्लॅस्टिकच्या बॉबिनच्या कडेला टवका गेला असेल तर ती टाकून द्यावी. बॉबिन केसच्या, म्हणजे बॉबिन ज्या डबीत बसते तिच्या, पातळ पत्रीखाली लव साचते, ती पोस्टकार्डाच्या कोपऱ्याने सरकवून काढता येते.

क्विल्टिंगमध्ये या सगळ्याला आणखी एक पैलू जोडला जातो, तो म्हणजे शिवणाऱ्याचे हात. साध्या शिवणीत कापड पुढे नेण्याचे काम मशीनचे दाते करतात आणि सुई वर असतानाच कापड सरकते. दाते खाली करून मुक्तपणे नक्षी काढताना ही शिस्त आपल्या हातांवर येते. सुई कापडात असताना हात पुढे गेले तर तीन थरांचे कापड सुईला आपल्याबरोबर ओढते, ती वाकते आणि खाली येताना निडल प्लेटच्या भोकाच्या कडेवर आपटते. मोठा आवाज होऊन सुई तुटली तर निदान कळते तरी. पुष्कळदा ती तुटत नाही, फक्त घासून जाते, तिच्या टोकाला आणि भोकाच्या कडेला बारीक कंगोरा येतो, आणि त्यानंतर दहा-पंधरा टाक्यांनी दोरा तुटतो. तोपर्यंत हात दुसऱ्या वळणावर गेलेले असतात आणि दोष त्या वळणाला दिला जातो. हातांचा वेग आणि मशीनचा वेग यांचा मेळ बसला की तुटीचे प्रमाण लक्षात येण्याइतके घटते. वळणांवर हात झपाट्याने जातात आणि पाय मात्र त्याच वेगाने पेडल दाबत असतो, म्हणून टोकदार वळणाजवळ येताना हात हळू करावेत, पण मशीन एकदम थांबवू नये. क्विल्टचे वजन टेबलाखाली लोंबत असेल तर ते सतत कापड मागे ओढते. सगळा भार मशीनच्या शेजारी, मशीनच्या पातळीला टेकवून ठेवला, तर हातांना ओढावे लागत नाही.

सरळ रेषांच्या क्विल्टिंगसाठी वॉकिंग फूट, म्हणजे वरचे कापडही खालच्याबरोबर पुढे नेणारा फूट, लावावा आणि टाका अडीच ते तीन मिलिमीटर ठेवावा. अनेक शिवणी एकत्र येतात त्या जागी कापडाचे आठ-दहा थर साचलेले असतात. तिथून जाताना पेडल सोडून हाताने चाक फिरवत चार टाके घालणे मला सोपे वाटते. शिवणी दोन्ही बाजूंना उघडून इस्त्री केल्या असतील, तर हा उंचवटा मुळातच कमी होतो. थर एकत्र धरण्यासाठी फवाऱ्याचा गोंद किंवा इस्त्रीने चिकटणारी जाळी वापरली असेल, तर सुईवर चिकट थर जमतो आणि दोरा त्याला घासत जातो. अशा कामात मधूनमधून सुई अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावी आणि गोंद पूर्ण सुकल्याशिवाय शिवायला घेऊ नये.

वेगाबद्दल थोडे अधिक. घरगुती मशीन साधारणपणे मिनिटाला ८०० ते १००० टाके घालते, तर कारखान्यातले मशीन ५००० पर्यंत जाते. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि कारखान्याच्या वेगाला जाड कापडातून जाणारी सुई तेवढी तापू शकते. घरी ही वेळ क्वचित येते. तरीही जाड, दाट विणीच्या कापडावर सलग लांब टीप घालताना दोऱ्याच्या टोकाला कडक मणी दिसू लागला तर वेग कमी करावा आणि एक क्रमांक मोठी सुई लावावी, कारण मोठी सुई दोऱ्यासाठी रुंद वाट करते आणि घर्षण घटते. सुती दोरा वितळत नाही, म्हणून अशा कामात तो अधिक निर्धास्त असतो.

सुई नवी आहे, दोरा चांगला आहे, मार्ग मोकळा आहे आणि तरीही टोक स्वच्छ कापलेले निघते, तेव्हा धातू तपासावा. डोळ्यांना न दिसणारा कंगोरा कापसाला सापडतो. कापसाचा सैल बोळा निडल प्लेटच्या भोकावरून, हुकाच्या टोकावरून आणि दोरा जिथून जिथून जातो त्या प्रत्येक कडेवरून हलकेच फिरवावा. जिथे तंतू अडकून राहतील तिथे दोष आहे. निडल प्लेटवरचा बारीक कंगोरा अतिशय तलम पॉलिश पेपरने हळुवार घासून घालवता येतो, मात्र घासल्यानंतर धातूची पूड पूर्ण पुसून काढावी. हुकाच्या टोकाला मात्र घरी हात लावू नये असे माझे ठाम मत आहे. त्याचे टोक सुईच्या खोलगट भागाला जवळजवळ चाटून, कागदाच्या जाडीहूनही कमी अंतराने, जात असते, आणि ते एकदा बोथट झाले की फास पकडणेच बंद होते. हुक आणि सुई यांच्या वेळेचा मेळ चुकला असेल तर तेही काम मेकॅनिकचेच. त्याच्याकडे मशीन नेताना तीच सुई, तोच दोरा आणि ज्या कापडावर दोरा तुटला त्याचा तुकडा बरोबर न्यावा, नाहीतर तो आपल्याकडचा दोरा लावून दोन टिपा घालून दाखवतो आणि मशीन ठणठणीत आहे असे सांगून परत पाठवतो.

जरीच्या चमकदार दोऱ्याला वरील सर्व नियम दुप्पट कडकपणे लागू होतात. त्याची चमक गाभ्याभोवती गुंडाळलेल्या पातळ चपट्या पट्टीतून येते, आणि नेढ्यातून इतक्या वेळा खाली-वर होताना ती पट्टी आधी सोलून निघते. त्याच्यासाठी टॉपस्टिच ९०/१४ किंवा खास धातुमय दोऱ्याची सुई, उभी खुंटी, बराच कमी ताण, मोठा टाका, संथ वेग आणि बॉबिनमध्ये साधा मऊ दोरा अशी व्यवस्था करावी. एवढे करूनही तो कधी ना कधी तुटणारच. फार गुंतागुंतीची नक्षी असेल तर जरीचा दोरा बॉबिनमध्ये भरून कापड उलट बाजूने शिवणे हा मला अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो, कारण बॉबिनचा दोरा सुईच्या नेढ्यातून जातच नाही.

आता ताणाकडे वळता येईल. वर आणि खाली वेगळ्या रंगांचा पण सारख्या जाडीचा दोरा लावावा, प्रत्यक्ष कामाच्याच थरांचा तुकडा घ्यावा आणि एक टीप घालावी. दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या मध्ये बसली पाहिजे. खालचा दोरा वर ठिपक्यांसारखा दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे, आणि वरचा दोरा खाली दिसत असेल तर तो कमी आहे. चाक एका वेळी अर्ध्या आकड्यानेच फिरवावे आणि दरवेळी नवी टीप घालून पाहावी. बॉबिन केसचा स्क्रू हलवण्याची वेळ आलीच, तर त्याची मूळ स्थिती पेनाने खुणेने टिपून ठेवावी आणि स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. एका विशिष्ट दोऱ्यासाठी जमलेला ताणाचा आकडा आणि सुईचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून ती रिळाच्या पोकळीत खोचून ठेवली, तर महिन्यांनी तेच रीळ काढल्यावर सारी जुळवाजुळव पुन्हा करावी लागत नाही.

कामाच्या मध्येच दोरा तुटला तर वरचा उरलेला दोरा मागे, रिळाकडे ओढू नये. रिळापाशी कापावा आणि सुईच्या बाजूने बाहेर काढावा, म्हणजे त्याला लागलेली लव चकत्यांमध्ये उलटी शिरत नाही. हुकाभोवती अडकलेला तुकडा चिमट्याने काढून, ब्रशने तिथली लव झाडून, मशीन पुन्हा सुरुवातीपासून ओवावे. तुटण्यापूर्वीचे शेवटचे काही टाके पिंजलेल्या दोऱ्याचे असतात, ते उसवून टाकावेत आणि टोके हाताने बांधता येतील एवढी लांबी मोकळी करावी. नंतर जिथला शेवटचा टाका शाबूत आहे त्याच भोकात सुई उतरवून बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यावा, दोन्ही शेपट्या बोटांत धरून ठेवूनच पहिले तीन-चार टाके घालावेत आणि काम पूर्ण झाल्यावर चारही टोके बारीक गाठ मारून हाताच्या सुईने क्विल्टच्या थरांमध्ये ओढून घ्यावीत.